जिनोम, आरएनए आणि कॉम्प्युटर: गावात आणि फोनवर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसाच्या गावात राहून मी सिक्वेन्सिंगच्या, म्हणजे डीएनए-आरएनएची अक्षरं वाचण्याच्या, डेटाचं विश्लेषण करतो. पारावर, कृषी केंद्राच्या बाकावर आणि रात्री नऊनंतर फोनवर (विद्यार्थ्यांना हाच मुहूर्त का सापडतो कोण जाणे) तेच ते प्रश्न येतात. एकदाची उत्तरं लिहून ठेवली आहेत. पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळा होईन.

दिवसभर कॉम्प्युटरवर बसून का करून राह्यला गा तू?

मोजणी, मामाजी. पऱ्हाटीच्या पानात आणि बोंडात डीएनए एकच असतो. तरी पान पानासारखं वागतं आणि बोंडातल्या सरकीवर धागा उगवतो, कारण दोन्हीकडे चालू असलेली जनुकं वेगळी. जनुक चालू असलं की त्याच्या नकला निघतात, त्या नकला म्हणजे आरएनए. तहसीलमध्ये दस्त एकच असतो, पण कर्जाच्या हंगामात त्याच्या नकला धडाधड निघतात, तसंच काहीसं. डीएनए वाचला तर दस्तात काय लिहिलंय ते कळतं (हा अख्खा मजकूर म्हणजे जिनोम). आरएनए वाचला तर आज कुठल्या दस्ताला मागणी आहे ते कळतं.

वाचायचं मशीन माझ्याकडे नाही. नमुने शहरातल्या प्रयोगशाळेत जातात, तिथून हार्ड डिस्क येते आणि तिच्यात कोट्यवधी तुकडे असतात. कुठला तुकडा कुठल्या जनुकाचा आणि असे किती, हे शोधणं माझं काम.

हे वाचन एवढं स्वस्त आणि जलद कधी झालं?

डीएनए वाचायची सँगर या शास्त्रज्ञाची पद्धत १९७७ची. तिच्यात एका वेळी एकच तुकडा वाचला जाई. मानवी जिनोमचा प्रकल्प तिच्याच जोरावर १९९० ते २००३ असा तेरा वर्षं चालला. आताची मशीन कोट्यवधी तुकडे एकाच वेळी वाचतात, म्हणून त्यांना हाय-थ्रूपुट म्हणायचं. इल्युमिना कंपनीचं मशीन प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांकडून साधारण १५० अक्षरं वाचतं (डीएनएची अक्षरं चारच: ए, सी, जी, टी). नॅनोपोर आणि पॅकबायो या दुसऱ्या मशीनांचे तुकडे हजारो अक्षरांचे असतात. माझ्याकडे येणारं बहुतेक काम पहिल्या प्रकारचं.

एवढे बारके तुकडे जोडता कसे?

भजनी मंडळाच्या जुन्या वहीला उधई लागली आणि हाती नुसते कपटे आले, असं समजा. पण वहीच्या पन्नास प्रती होत्या आणि प्रत्येक प्रत वेगळ्या जागी फाटली. एका कपट्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीशी जुळला की ते दोन जोडायचे, असं करत ओळ पुढे न्यायची. पन्नास प्रती होत्या म्हणून आम्ही याला पन्नास पट वाचन म्हणतो.

घोळ होतो तो ध्रुपदाशी. ‘विठ्ठल विठ्ठल’ एवढंच लिहिलेला कपटा कुठल्या अभंगाचा, कितव्या कडव्यानंतरचा? सांगता येत नाही. कापसाच्या जिनोमचा अर्ध्याहून जास्त भाग असल्या पुनरावृत्तींचा आहे. इथे लांब तुकडे कामी येतात, कारण त्यांच्यात ध्रुपद असतं आणि त्याच्या आधीचं-नंतरचं कडवंही. माणसाचा जिनोम २००३ मध्ये ‘पूर्ण’ झाल्याचं आपण ऐकलं. असल्या जागा धरून तो खरोखर टोकापासून टोकापर्यंत वाचून झाला २०२२ मध्ये, आणि तोही लांब तुकड्यांमुळेच.

कॉम्प्युटर हे जोडकाम डी ब्रुइन आलेख नावाच्या गणिताने करतो. प्रत्येक तुकड्याचे आणखी बारके, ठरावीक लांबीचे घास करायचे आणि कुठला घास कुठल्या घासाला लागून येतो त्याचं जाळं विणायचं. गणित १९४६चं आहे, तेव्हा डीएनएची रचनासुद्धा कुणाला ठाऊक नव्हती.

जिनोम आधीच जोडलेला असेल तर?

मग काम सोपं. कपटा घ्यायचा आणि छापील प्रतीत त्याची जागा शोधायची. फक्त प्रत अब्जावधी अक्षरांची आणि कपटे कोट्यवधी, तेव्हा पहिल्या पानापासून चाळत बसलो तर नातवंडांच्या लग्नापर्यंत संपणार नाही. बरोज आणि व्हीलर या दोघांनी १९९४ मध्ये फाइल आवळून लहान करायची एक युक्ती मांडली होती. तीच पुढे जिनोमची अनुक्रमणिका बनवायला वापरली गेली. बोटाय, बीडब्ल्यूए ही साधनं, म्हणजे सॉफ्टवेअर, तिच्यावरच उभी आहेत. बीडब्ल्यूए मधला बी म्हणजे बरोज आणि डब्ल्यू म्हणजे व्हीलर.

आरएनएचे तुकडे बसवताना आणखी एक भानगड आहे. नकल काढताना पेशी तिच्यातला मधला मजकूर कापून टाकते आणि उरलेले भाग सांधते. त्यामुळे एकाच तुकड्याचं अर्धं अंग जिनोममध्ये इथे बसतं आणि उरलेलं हजारो अक्षरं पलीकडे. अशी उडी मारू शकणारी साधनं वेगळी: स्टार, हायसॅट२. ही उडी लक्षात ठेवा, बोंडअळीच्या प्रश्नात लागणार आहे.

हार्ड डिस्कवरच्या फाइलमध्ये दिसतं तरी काय?

फास्टक्यू नावाची साधी मजकुराची फाइल असते. प्रत्येक तुकड्याला चार ओळी. पहिली नावाची, दुसरी अक्षरांची (ए, सी, जी, टी आणि जिथे मशीनला वाचताच आलं नाही तिथे एन), तिसरी अधिक चिन्हाची, चौथी खात्रीची. या चौथ्या ओळीत प्रत्येक अक्षराखाली एकेक चिन्ह असतं. ते सांगतं की हे अक्षर चुकीचं असण्याची शक्यता किती. प्रत्येक चिन्हामागे एक गुण असतो: गुण २० म्हणजे शंभरात एक चूक, ३० म्हणजे हजारात एक. तुकड्याच्या शेवटाकडे # # # (म्हणजे अगदी कमी गुण) अशी रांग दिसली की मशीन तिथे अंदाजपंचे बोलतंय असं समजायचं आणि तेवढं शेपूट छाटायचं.

नवा विद्यार्थी ही फाइल उघडल्याशिवाय थेट प्रोग्राम चालवतो. तसं करू नये. पहिले शंभर तुकडे डोळ्यांनी बघावेत. कापूस हातात न घेता आपण भाव सांगतो का?

कापसाचा जिनोम अवघड का म्हणतात?

कारण त्यात दोन घरं आहेत. आपण लावतो तो अमेरिकन कापूस दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी दोन वेगळ्या जातींच्या संकरातून झाला. दोघांचे जिनोम, ए आणि डी, आजही त्याच्या पेशीत शेजारी नांदतात. मिळून २६ जोड्या गुणसूत्रं. आपल्या जुन्या देशी कापसात फक्त ए घराणं, १३ जोड्या. त्यामुळे अमेरिकन कापसात बहुतेक जनुकाला जवळजवळ सारखा दिसणारा भाऊ दुसऱ्या घरात असतो.

एकाच नावाचे दोन चुलतभाऊ गावात असले की पोस्टमनची जी गत, तीच इथे. पत्र कुणाचं? सोपा उपाय म्हणजे शंका असलेली पत्रं टाकून देणं. पण मग दोघांच्याही वाट्याला कमी पत्रं दिसतात. सामन, कॅलिस्टो ही साधनं शहाणपणा करतात. ज्या पत्रांवर बापाचं नाव स्पष्ट आहे त्यांवरून कुणाला किती पत्रं येतात याचा अदमास घेतात, संशयाची पत्रं त्या प्रमाणात वाटतात, मग अदमास पुन्हा सुधारतात. असं करत आकडा ठरेपर्यंत फिरतात. कापसावर काम करणाऱ्याने मी तरी हीच वाट धरा म्हणेन.

एका नमुन्यात जनुकाचे ५०० तुकडे, दुसऱ्यात १०००. म्हणजे दुप्पट ना?

नाही. दुसऱ्या नमुन्याचं एकूण वाचनच दुप्पट झालं असेल. आधी एकूणाने भागा.

पण तेवढ्यानेही भागत नाही. एसटीत पन्नास सीटा. एरवी त्यात अमुक गावचे दहा, तमुक गावचे पंधरा असे लोक असतात. एखाद्या दिवशी लग्नाचं वऱ्हाड चढलं की बाकी गावांचे प्रवासी कमी दिसतात. गावं ओस पडली असा त्याचा अर्थ नाही, सीटा अडल्या एवढंच. मशीनच्याही सीटा ठरलेल्या, समजा दोन कोटी तुकडे. एखादं जनुक बेफाम चालू झालं की बाकी सगळी ‘घटलेली’ दिसतात. म्हणून डीईसेक२सारखी साधनं एकूणावर विसंबत नाहीत. प्रत्येक जनुकाचं नमुन्यानमुन्यातलं गुणोत्तर काढतात आणि त्यातलं मधलं गुणोत्तर माप म्हणून धरतात. वऱ्हाड कितीही मोठं असो, मधल्यावर त्याचा जोर चालत नाही.

किती झाडांचे नमुने घ्यावेत?

तुम्ही ठरवलंय त्याहून जास्त. तीन घेतले की झालं, अशी एक रीत पडली आहे. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या मंडळींनी यीस्टचे प्रत्येक गटात ४८ नमुने घेऊन हे तपासलं आणि २०१६ मध्ये छापलं. तीनच नमुने ठेवले तर खरोखर बदललेल्या जनुकांपैकी बहुतेक साधनांना जेमतेम २० ते ४० टक्के सापडत होती. त्यांचा सल्ला किमान सहाचा. आणि ते यीस्ट होतं, प्रयोगशाळेतलं, एकाच ताटातलं म्हणावं असं. आपल्या वावरात एका तासाला (म्हणजे पिकाच्या ओळीला) मुरमाड जमीन आणि चौथ्या तासाला काळी.

एकाच झाडाची सहा पानं म्हणजे सहा नमुने होत नाहीत. ते एकाच माणसाला सहादा मत विचारणं झालं.

सॉफ्टवेअर चुका दुरुस्त करत नाही का?

काही करतं. माझी मात्र केली नाही. लाल्या (पानं लाल पडण्याचा विकार) पडलेल्या आणि हिरव्या पऱ्हाटीतला फरक बघायचा होता. हिरव्या झाडांची पानं सकाळी आठला घेतली. लाल झाडं दुसऱ्या गावच्या वावरात होती. वाटेत गाडी पंक्चर झाली, दुकानदार जेवायला गेलेला, तिथे पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. पानं घेतली, आनंदाने परत आलो.

निकाल आले तेव्हा हजारो जनुकं बदललेली. मी खूश. मग यादी वरून वाचायला घेतली. पहिल्या पानावर सगळी उन्हाच्या तडाख्यात चढणारी हीट शॉक प्रथिनं आणि एलएचवाय, म्हणजे झाडाच्या घड्याळातलं सकाळी चढणारं जनुक. लाल्याचा अभ्यास करायला निघालो होतो आणि मोजून आणली होती दुपार. लाल म्हणजे दोन वाजता, हिरवं म्हणजे आठ वाजता. दोन्ही कारणं एकमेकांत अशी गुंतली की जगातलं कुठलंही गणित ती सोडवू शकत नाही. नमुने दोन बॅचमध्ये वाचले गेले आणि दोन्ही बॅचमध्ये दोन्ही रंगांची झाडं असली तर बॅचचा परिणाम गणिताने वजा करता येतो. माझ्याकडे वजा करायला काही उरलंच नव्हतं.

पुढच्या हंगामात एकाच वावरात, आठ ते नऊच्या दरम्यान, एक लाल एक हिरवं असं आळीपाळीने तोडलं. यादी पुष्कळ छोटी आली. ती मात्र लाल्याची होती.

पी व्हॅल्यू ०.०५च्या खाली आली की जनुक पक्कं ना?

पी व्हॅल्यू म्हणजे खरा बदल नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता. एकच जनुक तपासत असाल तर ठीक. आपल्या कापसात सुमारे ७०,००० जनुकं. कुठेच काही बदल नसला तरी निव्वळ योगायोगाने त्यातली पाच टक्के, म्हणजे ३,५०० जनुकं, ०.०५च्या खाली येतील. म्हणून बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांची १९९५ची दुरुस्ती लावलेला आकडा बघायचा. त्याने यादीत खोटी नावं किती टक्के चालतील हे आपल्या हाती राहतं. प्रबंधात कच्ची पी व्हॅल्यू दिसली की मी पुढचं वाचत नाही.

बीटी असून गुलाबी बोंडअळी मरत काऊन नाही? जिनोममध्ये हे दिसते का?

दिसतं, आणि या प्रश्नाला जेवढा वेळ द्यावा तेवढा थोडा. बीटी कापूस, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच बनवणारा कापूस, आपल्याकडे २००२ मध्ये आला, त्यात क्राय१एसी हे एकच विष. २००६ मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं, क्राय२एबीची भर पडली. २०१७च्या हंगामात विदर्भात बोंडं फोडली तर आत अळी, हे ज्यांनी बघितलं त्यांना वेगळं सांगायला नको.

क्राय१एसी अळीच्या आतड्यात कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि मग आतडं फोडतं. कॅडहेरिनच बिघडलेलं असेल तर विषाला पकडायला कडी उरत नाही. भारतातल्या वावरांमधून आणलेल्या प्रतिकारक अळ्यांचं कॅडहेरिन तपासलं तेव्हा ते एका नव्हे, कित्येक तऱ्हांनी बिघडलेलं निघालं. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. गंमत अशी की बिघाड पुष्कळदा सांधणीत होता. आरएनएची नकल सांधताना मधलाच एखादा भाग गळत होता. एकाच जनुकाच्या डझनभराहून जास्त खराब नकला निघत होत्या. २०१८ मध्ये क्राय२एबीच्या बाबतीतही तसंच दिसलं, जनुक वेगळं, एबीसीए२, पण तिथेही सांधणी चुकलेली.

आता ती उडी आठवा. आरएनएचा तुकडा नेहमीच्या सांध्याऐवजी भलत्याच जागी उडी मारताना दिसला की तिथे सांधणी बिघडली. नुसता डीएनए वाचून ठरावीक एका बदलाचीच चाचणी बनवली असती, तर हे बाकीचे प्रकार तिच्यातून निसटले असते.

वावरात याचा उपयोग काय, हा पुढचा प्रश्न असतोच. उद्याच्या फवारणीला काही नाही. प्रतिकार कुठल्या भागात कुठल्या रूपात पसरतोय याचा माग काढता येतो, तो बियाण्याचं धोरण ठरवणाऱ्यांच्या कामाचा. तुमच्या हातात कामगंध सापळे, डोमकळ्या (अळी लागून न उमललेली फुलं) तोडून नष्ट करणं आणि डिसेंबरनंतर फरदड (वेचणीनंतरही उभं ठेवलेलं पीक) न ठेवणं. अळीचा जिनोम वाचूनही मी आमच्या घरी हेच सांगतो, आणि वडील तरी फरदड ठेवतात.

संत्र्याचं पान पिवळं पडलं, सिक्वेन्सिंग करून देता का?

नाही, आणि करूही नका. पिवळेपणा कशाचाही असू शकतो, डिंक्याचा, जस्ताच्या कमतरतेचा किंवा ग्रीनिंग या जिवाणूच्या रोगाचा. ग्रीनिंगचा संशय असेल तर पीसीआरची चाचणी (ठरावीक डीएनए आहे का एवढंच बघणारी) पुरे. नागपूरला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आहे, तिथे विचारा.

ग्रीनिंगच्या जिवाणूची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. तो प्रयोगशाळेच्या बशीत वाढतच नाही. मग शास्त्रज्ञांनी तो पसरवणारा सायला किडा घेतला, एकाच किड्याच्या शरीरातला सगळा डीएनए वाचला आणि त्यातून जिवाणूचे तुकडे वेगळे काढून जोडले. २००९ मध्ये त्याचा सुमारे १२ लाख अक्षरांचा जिनोम असा हाती आला.

सिकलसेलसाठी घरच्यांचा जिनोम तपासावा का?

गडचिरोली-चंद्रपूरकडून हा प्रश्न बरेचदा येतो. गरज नाही. या आजारात अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिन जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं, जीएजीचं जीटीजी होतं. तीन अब्ज अक्षरं वाचून एक अक्षर शोधायचं, म्हणजे एका कणसासाठी पूर्ण शिवार कापायचं. सोल्युबिलिटीची चाचणी आणि मग एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ताच्या तपासण्यांनी वाहक कोण, रुग्ण कोण हे कळतं. सरकारी दवाखान्यात विचारा.

कुणी संशोधनासाठी रक्त मागत असेल तर ते कशासाठी, कुठे ठेवणार, परत कधी वापरणार हे तुमच्या भाषेत लिहून घ्या. समजलं नाही तर अंगठा देऊ नका.

साधा लॅपटॉप चालेल का? आणि नेट?

शिकायला आठ जीबी रॅमचा चालतो. सामन त्यात कापसाचे नमुने मोजतं. स्टारला माणसाच्या जिनोमसाठी ३० जीबीच्या आसपास रॅम लागते, तिथे लॅपटॉप हात टेकतो. गॅलेक्सी नावाची मोफत सेवा ब्राउझरमधून वापरता येते, सगळं काम त्यांच्या कॉम्प्युटरवर चालतं.

अडतं ते फाइल चढवण्यात. एक नमुना चार जीबीचा, आणि चढवायचा वेग दोन एमबीपीएस असेल तर साडेचार तास. बारा नमुन्यांचे दोन दिवसांहून जास्त, आणि मधे लाइन गेली नाही तर. त्यापेक्षा जे आधीच इंटरनेटवर आहे तेच घ्या. जगभरातला प्रसिद्ध डेटा एसआरए आणि ईएनए या भांडारांत फुकट आहे, आणि गॅलेक्सी तो परस्पर उचलते. आपल्या देशाचं भांडार फरीदाबादला आहे. दहा हजार भारतीयांच्या जिनोमचा डेटाही तिथेच ठेवला आहे.

एमएस-सीआयटी झालंय, एक्सेल येतं. पुरेल का?

एक्सेलने या क्षेत्रात जेवढा घोळ घातला तेवढा कुणी घातला नाही. सेप्ट२, मार्च१ अशी माणसाच्या जनुकांची नावं होती. एक्सेल त्यांच्या गुपचूप तारखा करून टाकायचं. प्रसिद्ध शोधनिबंधांच्या तक्त्यांतही त्या तारखा सापडल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं बदलली, सेप्टिन२, मार्चएफ१. एक्सेल बदलण्यापेक्षा जनुकाचं बारसं पुन्हा करणं सोपं पडलं! तुम्ही लिनक्सची कमांड लाइन आणि आर (आकडेमोडीची कोडिंग भाषा) शिका, जोडीला संख्याशास्त्राचं एखादं चांगलं पुस्तक. कोडिंग सहा महिन्यांत येतं, संख्याशास्त्राला जास्त लागतात.

नमुना पाठवायचा आहे, काय काळजी घ्यावी?

डीएनएसाठी पान सिलिका जेलच्या पुड्यांसोबत वाळवलं तरी चालतं. आरएनएचं तसं नाही, पान तोडल्यापासून तो बदलू आणि तुटू लागतो. नियम द्रव नायट्रोजनचा, उणे १९६ अंश. गावात तो फक्त जनावरांच्या दवाखान्यात, रेतनाच्या कांड्यांच्या कॅनमध्ये असतो. माझा त्यावर डोळा असतो, पण तो गाई-म्हशींच्या हक्काचा. दुसरी वाट म्हणजे आरएनए टिकवणारं द्रावण. पानाचे बारीक तुकडे करा, अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड नको, आणि ते पाचपट द्रावणात बुडवा. ३७ अंशांत ते जेमतेम एक दिवस टिकतं, फ्रिजमध्ये महिनाभर. ऑक्टोबर हीटमध्ये बसच्या टपावर खोकं ठेवणार असाल तर आधी बर्फाचा डबा घ्या.

बाटलीवर नाव मार्करने लिहू नका. स्पिरिट लागलं की शाई जाते आणि बारा बाटल्या बारा कोऱ्या भावंडांसारख्या समोर उभ्या राहतात. कागदाच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने वावर, तास, झाड, तारीख आणि वेळ लिहा आणि ती बाटलीच्या आत टाका. वेळ नक्की लिहा.